मेघनाचा डबा

धाकूचा फोन आला तेव्हा भगवान ठाकुर्लीच्या घरी दूध तापवत होता. धाकू अभयारण्यातला वाटाड्या.

"भाऊ, ताई गेल्या," तो म्हणाला. "नाल्यात पाय घसरला, डोकं आपटलं. तुमचा नंबर मिळायला वेळ लागला. माफ करा."

दूध उतू गेलं. भगवानने गॅस बंद केला, ओटा पुसला आणि मग खाली बसला.

मेघना त्याची बायको. अस्वलांचे फोटो काढायला ती दर हिवाळ्यात जंगलात जायची. या वेळी तिला भगवानने घरी आणलं ते अॅम्ब्युलन्समधून.

मेघनाची आई भीमाबाई त्या आठवड्यात माजिवड्याच्या एका हॉस्पिटलात होती. छातीचं दुखणं. धक्का बसेल असं काही सांगू नका, असं डॉक्टर म्हणाले होते. भगवानने सगळ्या नातेवाइकांना बजावलं आणि अंत्यविधी उरकून एकटाच तिला भेटायला गेला. भीमाबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. सिस्टर म्हणाली, "परवापासून काही खातच नाहीत."

"आई," भगवान म्हणाला, "मेघनाचं काम वाढलंय. पावसाळ्यापर्यंत तिकडेच राहील ती."

भीमाबाई कूस बदलून त्याच्याकडे बघत राहिली.

"दाढी केली नाहीत, जावईबापू."

"राहिली."

"तिला सांगा, मला तो फोटो पाहिजे. पिल्लं पाठीवर घेतलेला. कबूल केलंय तिनं."

अस्वलाची मादी पिल्लांना पाठीवर घेऊन फिरते, हे मेघनाने सांगितलं तेव्हा भीमाबाई हसली होती. "मग तिच्यात आणि माझ्यात काय फरक?" लहानग्या मेघनाला पाठीला बांधून तिने विटा वाहिल्या होत्या.

भगवानने आयुष्यात कॅमेरा हातात धरला नव्हता. तो मेघनाचा कॅमेरा घेऊन महिन्यातून एकदा धाकूकडे जाऊ लागला. मचाणावर बसायचा, मिळेल तो फोटो काढायचा, कल्याणला प्रिंट करून घ्यायचा आणि तिथंच राहणाऱ्या भीमाबाईला नेऊन द्यायचा. मेघनाने पाठवलाय म्हणून.

"हे काय? नुसतं ढुंगण!"

"पळत होतं, आई."

"तिला म्हणावं, अस्वलाला तोंडपण असतं."

मेघनाला फोन लावून द्या, असं भीमाबाई कधी म्हणाली नाही. शेजारीण विचारायला आली की तीच सांगायची, "तिकडं रेंज नसते गं." भगवानला तेवढंच बरं वाटायचं.

जंगलाकडे निघताना तो आधी तिच्याकडे जायचा, तेव्हा ती फडक्यात बांधलेला डबा द्यायची. ज्वारीच्या भाकऱ्या, सुकटाची चटणी, कधी वांग्याचं भरीत. "हे मेघनाला. तुम्ही हात लावू नका, तुम्हाला काय, घरी मिळतंच."

घरी भगवान चहा-बिस्किटांवर होता. चूल तशी बंदच पडली होती. डबा टाकवत नाही म्हणून तो मचाणावर बसून स्वतः खायचा. एकदा घासच उतरेना, तेव्हा त्याने भाकऱ्या धाकूच्या कुत्र्याला घातल्या.

पुढच्या खेपेला डबा बांधता बांधता भीमाबाई म्हणाली, "आवडत नसेल तर तसं सांगायचं. कुत्र्याला घालायला मी भाकऱ्या थापत नाही."

भगवान दचकला. मग वाटलं, म्हाताऱ्या माणसांचं बोलणंच असं असतं.

परत आल्यावर तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "सगळं खाल्लं?"

"खाल्लं."

"बरं झालं."

तो आता थकला होता. जंगलापेक्षा या खोटं बोलण्याने जास्त. पिल्लांचा फोटो मिळाला की तो तिच्या हातात द्यायचा आणि खरं सांगून टाकायचं, असं त्याने ठरवलं. फक्त तिची छाती तेवढं सोसेल का, ही धास्ती होती.

मे महिन्यात, दुपार कलल्यावर, ती मादी आली. समोरच्या वारुळापाशी थांबली. दोन पिल्लं तिच्या पाठीवरचे केस धरून बसली होती. भगवानने बटण दाबलं. मादीने मान वर केली, त्याने परत दाबलं. मग ती पिल्लांना घेऊन झाडीत शिरली.

फोटो स्पष्ट आला होता. तोंडासकट.

"ताईंनी काढल्यासारखा आलाय," धाकू म्हणाला.

भगवानने कॅमेरा बंद केला. "धाकू, आता म्हातारीला सांगून टाकतो. मेघना नाही म्हणून. फार दिवस फसवलं तिला."

मचाणाच्या कडेला फडक्यात बांधलेला डबा होता, तिकडे धाकू बघत बसला.

"काय रे?"

"भाऊ, त्या दिवशी ताईंच्या फोनमध्ये मी आधी 'आई' शोधलं. तुमचा नंबर मला आजींनीच दिला. दवाखान्यातून."

भगवानने कॅमेरा खाली ठेवला.

"कुणाला बोलू नको म्हणाल्या. तुम्ही आलात की दर वेळी फोन करतात. जावई जेवले का, एवढंच विचारतात." धाकूने डोकं खाजवलं. "आता गेटवर गेलो की येईल फोन. काय सांगू?"

डबा अजून उघडायचा राहिला होता.