फडक्याखालचा पंप

खंडेनवमीला यंत्रांची पूजा आटोपली आणि बंडोपंतांनी आपल्या कारखान्यात बनवलेल्या नव्या पंपावर फडकं टाकलं.

"बाबा, आता कुणापासून झाकताय?" लेक हसली. "समोरच्या हिंदुरावकाकांचा कारखाना तर केव्हाच बंद पडला."

बंडोपंतांनी फडक्याची टोकं सारखी केली. एकेकाळी या दिवशी दोघं एकमेकांकडे प्रसादाला जात. यजमान पाठ फिरवून प्रसाद काढायला मुद्दाम उशीर लावी, पाहुणा तोवर फडक्याखाली डोकावून घेई. मग वर्षभर दुसऱ्याच्या वरताण पंप काढायला दोघं जिवाचं रान करत. त्या चुरशीपायी परराज्यांतली गिऱ्हाइकं उद्यमनगरातले त्यांचे कारखाने शोधत यायची.

इतक्यात हिंदुराव आलेच, काठी टेकत. बंडोपंतांनी पाठ फिरवली, पेढे हुडकण्यात चांगला वेळ काढला. वळून पाहिलं, तर हिंदुराव हात जोडून देवीच्या तसबिरीपुढे उभे. फडकं हललंसुद्धा नव्हतं.

बंडोपंतांनी स्वतःच फडकं ओढून काढलं.

"बघा की हो!" त्यांचा आवाज चढला. "बघून नाक मुरडा. नाहीतर पुढच्या वर्षी मी कुणासाठी डोकं चालवू?"

हिंदुरावांनी चष्मा चढवला, वाकून पाहिलं आणि मनापासून नाक मुरडलं.