आधीचे दत्ताजीराव

दत्ताजीराव चौगुले जाऊन वर्ष उलटलं, तरी इचलकरंजीच्या त्यांच्या घरात शब्द त्यांचाच चालायचा. आजारी पडण्याच्या कितीतरी आधी त्यांनी आपल्या मनाची प्रत काढून घेतली होती आणि कुटुंबाच्या ट्रस्टवर तिलाच विश्वस्त नेमलं होतं. ती दिवाणखान्याच्या भिंतीतून त्यांच्याच आवाजात बोलायची.

"ऋतुजाला बाळंतपणाला घरी आणतेय," त्यांची बायको कुमुदिनी एका सकाळी भिंतीला म्हणाली.

"माझ्या मर्जीविरुद्ध लग्न करणाऱ्या मुलीला या घरात जागा नाही. तू तिच्याशी संबंध ठेवलास, तर ट्रस्टच्या नियमाप्रमाणे तुलाही नाही."

"शेवटच्या दुखण्यात हे तिच्यासाठी रडले. माझं चुकलं, तिला घेऊन ये, म्हणाले."

"मला असं काही आठवत नाही."

"कसं आठवेल? तुम्ही त्याआधीचे."

"ते दुखणं बोलत होतं, कुमुद. मी नव्हे."

कुमुदिनीनं बॅग भरायला घेतली. थोरला मुलगा रणधीर दारात आडवा आला.

"आई, घर, कारखान्यातला वाटा, सगळं जाईल. बाबांचा शब्द मोडतेस?"

"पाळायला निघालेय. सरक बाजूला."

तो सरकला. ती ऋतुजाच्या गावाला जायला रिक्षात बसली, तेव्हा आतून हाका येत होत्या, "कुमुद! कुमुद, मागं फिर!" लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं त्या आवाजाला ओ दिली नाही.