कारण अज्ञात

वंध्यत्वाच्या कारणांवर मोठे डॉक्टर शोधनिबंध लिहीत होते आणि प्रयोगशाळेतल्या बाई त्यांना फायली काढून देत होत्या. डॉक्टर म्हणाले, “या साठ जोडप्यांपुढे लिहा, कारण अज्ञात.” बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “अज्ञात म्हणजे शोधून सापडलं नाही ते, साहेब. इथे नवऱ्यांच्या तपासणीचं पानच कोरं आहे. बायकांची मात्र सुया टोचून चाळण केलीत.” “अहो, चांगले धडधाकट पुरुष ते. त्यांना कशाला दुखवायचं?” बाईंनी सगळ्यात खालची फाइल टेबलावर आपटली. ती डॉक्टरांच्याच बायकोची होती. बारा वर्षांच्या तपासण्या, दोन शस्त्रक्रिया आणि नवऱ्याचं पान कोरं. डॉक्टरांनी फाइल उघडली नाही. बाईंनी नमुन्याच्या रिकाम्या बाटलीवर त्यांचं नाव लिहिलं आणि तपासणीला येणाऱ्या कुठल्याही नवऱ्याला सांगावं तसं सांगितलं, “अर्ध्या तासात आणून द्या. थंड होऊ देऊ नका.”