शून्य कर

भारत आणि शेजारच्या देशामधला व्यापार आजपासून वाऱ्यासारखा मोकळा झाला, असं मंत्र्यांनी जाहीर केलं. तेव्हा वरूडच्या संत्र्यांचा ट्रक सीमेवर उभा होता.

"माल भारतातलाच आहे याचा दाखला लागते म्हणतात," रफिक ड्रायव्हरने फोनवर सांगितलं. "प्रयोगशाळेतून. आठ दिवस."

"संत्रं पाचच्या वर टिकत नाही, राजा," व्यापारी वानखडे म्हणाले. "जुना कर भर अन् निघ."

"विचारलं, मालक. साहेब म्हणे, तो कर रद्द झाला, आता घेऊ कसा?"

नव्या कराराच्या भरवशावर वानखडेंनी यंदाची अख्खी बाग त्या ट्रकमध्ये भरली होती. सकाळी पेढेही वाटले होते.

सहाव्या दिवशी रफिकने ताडपत्री सोडून माल रस्त्याकडेला ओतला. गाईंना बोलवावं लागलं नाही.

नवव्या दिवशी दाखला आला. संत्री भारतातलीच होती.