लिफ्टची मेहेरबानी

लिफ्टचं दार उघडलं आणि शिरीषरावांचा चेहरा खुलला.

"आली बाई दया," ते भाजीची पिशवी सावरत म्हणाले. "आज औषध म्हणून नुसती माशाच्या तेलाची गोळी. जिने माफ."

त्यांच्या बायकोनं, वैजयंतीबाईंनी, मात्र त्यांची बाही धरली.

सहा वर्षं या लिफ्टनं दोघांना दारात उभं केलं नव्हतं. साठी उलटलेला मधुमेही समोर आला की ती मनगटावरच्या पट्टीवरून त्याचं हृदय तपासायची आणि दार मिटूनच ठेवायची. जिने चढणं हेच औषध. हृदयाला ते झेपणार नसेल, तरच ती उघडायची. गेल्या वर्षी शेजारच्या देवस्थळींसाठी उघडली, तेव्हा तेही असेच हसत आत शिरले होते. त्यांना कुठंच दुखत नव्हतं. साखर जुनी झाली की हृदयाचं दुखणं मुकं होतं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. देवस्थळी त्या रात्रीच गेले.

पट्टी दोघांच्याही मनगटावर होती.

"तुम्ही पायरीवर टेका जरा," वैजयंतीबाई शक्य तितक्या शांतपणे म्हणाल्या. "माझी किल्ली वॉचमनकडे राहिली."

किल्ली पर्समध्येच होती. दार आपल्यासाठी उघडलं असेल, तर आपण लांब गेल्यावर ते मिटेल, एवढ्याच आशेवर त्या गेटकडे चालू लागल्या. दहा पावलं झाली, वीस झाली. मागे वळून बघायचा धीर होईना. मिटू दे रे देवा.

"अगं, ये लवकर," शिरीषरावांनी पायरीवरून हाक मारली. "दार अजून उघडंच आहे."