न मारायचा कैदी

पाचव्या दिवशीही कैदी वोलेरोनं जेवणाचा वाडगा परत पाठवला, तेव्हा वेत्तियसनं कपाळाला हात लावला. वेत्तियस म्हणजे पेदुम या लातिन गावाचा सरदार. आजवर किती रोमन कापले याचा त्याला हिशेब नव्हता. आता एका रोमन पोराच्या पोटाची काळजी करत बसायची पाळी त्याच्यावर आली होती.

कारणही तसंच होतं. लढाईच्या दिवशी हा पोरगा डोक्यावरून झगा ओढून, हातात शस्त्र न धरता, एकटाच लातिनांच्या फळीत घुसला होता. रोमचे आणि पेदुमचे देव एकच, त्यामुळे कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. रोमचा सेनापती आपल्या फौजेतला कोणताही एक शिपाई, डोक्यावर झगा पांघरवून, जमिनीखालच्या देवांना वाहतो, आणि त्याच्याबरोबर शत्रूची अख्खी फौजही. तो शिपाई शत्रूच्या हातून मेला, की देव दोन्ही घेऊन जातात. नाही मेला तर नवस फुकट.

"कोणी हात लावायचा नाही त्याला," वेत्तियस ओरडला होता आणि चार हजार माणसांनी भाले खाली केले होते.

पण उपाशी मेला तर? पुजाऱ्यालाही ते नक्की सांगता येईना. वेत्तियसचे तिन्ही मुलगे याच छावणीत होते, विषाची परीक्षा घ्यायची त्याची तयारी नव्हती. पाच दिवसांत कैदी एकदाच बोलला होता: आईशिवाय कोणाच्या हातचं खात नाही म्हणून. सगळी छावणी त्या दूधपित्या वीराला हसली. वेत्तियसनं मात्र मुकाट्यानं रोमला निरोप धाडला, याच्या आईला पाठवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिक्किया आली. सुकलेली, ताठ मानेची बाई. मागं गाठोडं घेतलेला एक पस्तिशीचा गडी. पहारेकऱ्यांनी दोघांची कसून झडती घेतली. गाठोड्यातल्या भाकऱ्या वेत्तियसनं कुत्र्यांना टाकल्या.

"विष घालीन असं वाटलं होय, सरदार?"

"रोमच्या आयांबद्दल बरंच ऐकून आहे, माय."

"पोटचा गोळा आहे तो. त्याला मारायला एवढं चालत येऊ?" मग ती गड्यावर खेकसली, "तू काय बघत उभा राहिलायस, मेल्या? बस तिकडं."

वेत्तियसच्या आचाऱ्यानं खपलीची लापशी शिजवली, वर मेंढीचं ताजं चीज घातलं आणि आधी स्वतः चाखली. सिक्कियानं घास पुढं केला. "खा राजा. बघ कसा झालायस."

वोलेरोनं ओठ घट्ट मिटले.

तिनं तीनदा प्रयत्न केला. मग वाडगा खाली ठेवून सुस्कारा सोडला. "माझं कुठलं ऐकायला. मी शेतात राबायची. पोर वाढलं ते या माणसाच्या खांद्यावर. याला ठेच लागली तर रडायचा वोलेरो."

वेत्तियसला तेवढं पुरे झालं. इतकी साधी गोष्ट आपल्याला आधी कशी सुचली नाही, असं त्याला वाटलं. त्यानं गड्याला दंडाला धरून ओढत आणलं, गुडघ्यांवर बसवलं आणि तलवार त्याच्या मानेवर टेकवली.

"पोरा, वाडगा रिकामा कर. नाहीतर हा गेला. दहा मोजतो."

वोलेरोनं आईकडं पाहिलं.

"खा रे," सिक्किया म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "याचा तरी विचार कर."

गड्यानं पांघरुणाचं टोक डोक्यावरून पुढं ओढून घेतलं. भ्याला असेल, असं वेत्तियसला वाटलं. त्यानं सावकाश दहा मोजले, शेवटचे तीन तर फारच सावकाश. पोरगा हलला नाही. भोवती माणसं जमली होती आणि सरदारानं दिलेला शब्द मागं घेणं बरं दिसलं नसतं. त्यानं तलवार चालवली.

वोलेरो पुढं सरकला. वाडगा ओढून त्यानं दोन्ही हातांनी लापशी खाल्ली. रडत खाल्ली, बोटं चाटली आणि आणखी मागितली. जमलेली माणसं खदखदून हसली. वेत्तियसच्या छातीवरचा धोंडा उतरला.

"हेच आधी केलं असतंस तर बिचारा वाचला असता," तो म्हणाला.

सिक्किया मेलेल्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. "एक गाडी द्या, सरदार. याला घरी नेते."

"गड्याला? अगं माय, इथंच पुरू की. दुसरा मिळेल तुला."

तिनं पदरानं त्याच्या तोंडावरचं रक्त पुसलं आणि मान वर केली.

"गडी नाही हा. माझा थोरला, कैसो. सेनापतीनं देवांना वाहिलेला शिपाई तो हा. धाकट्याला आम्ही नुसताच झगा पांघरून पाठवलं होतं."