वेडेलियाखालची जमीन

“लॉन कशाला? वेडेलिया लावा. कापायला नको, निंदायला नको,” नर्सरीवाल्यानं सांगितलं आणि वसुधाताईंना ते पटलं. गुडघे दुखत होते आणि नव्यानं घेतलेल्या घराचं आवार मोठं होतं. वर्षभरात त्या वेलीनं कुंपणापर्यंतची सगळी जमीन झाकून टाकली. कुठे माती म्हणून दिसेना. वर पिवळी फुलं. येणारेजाणारे थांबून कौतुक करायचे.

त्या दुपारी त्यांची कुत्री चिंगी कुठे दिसेना. हाका मारल्या तेव्हा तिचं केकाटणं ऐकू आलं, पण ते जमिनीखालून. त्यांचे यजमान अच्युतराव आवाजाच्या रोखानं वेलीतून धावले आणि त्यांच्या पायाखाली काहीतरी कर्रकन वाजलं.

“हलू नका!” वसुधाताई ओरडल्या.

यजमान कुजक्या फळ्यांवर उभे होते. वसुधाताईंनी भिंतीजवळची शिडी आडवी पाडून त्यांच्याकडे सरकवली. अच्युतराव पालथे पडून, शिडी घट्ट धरून, हळूहळू सरकत आले. ते काठाला लागले आणि मागच्या फळ्या कोसळल्या. खोलवर पाणी वाजलं. त्यानंतर चिंगीचा आवाज आला नाही.

आरडाओरडा ऐकून शेजारच्या गोदाक्का कुंपणाशी आल्या.

“विहीर होय? जुन्या मालकानं फळ्या टाकून, वर माती पसरून झाकली होती. मला वाटलं, तुम्हांला सांगितलं असेल.” मग त्यांची नजर सावकाश फुलांवरून फिरली. “आणि दुसरी कुठे आहे, ते तरी ठाऊक आहे ना?”